पणजोबा ठाण्याच्या जेलमध्ये होते, नोंद कुठे शोधायची?

पणजोबा १९३० च्या सत्याग्रहात ठाण्याच्या जेलमध्ये होते एवढंच घरात ऐकलंय, कागद एकही नाही, तर जेललाच अर्ज टाकू का असं तुम्ही विचारलंत. टाका, पण सगळ्यात शेवटी. ते आजही चालू सेंट्रल जेल आहे, तिथले लोक आत्ताचे कैदी सांभाळतील की तुमच्या पणजोबांचं रजिस्टर शोधत बसतील.

आधी पेन्शनची फाइल बघा. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन १९७२ साली सुरू झाली, अट साधारण सहा महिने तुरुंगवासाची, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन. जेलचं रेकॉर्ड मिळत नसेल तर सहबंद्यांचे दाखले चालायचे आणि खरा खजिना तिथेच असतो. पणजोबा १९७२ च्या आधी गेले असले तरी पणजीने अर्ज केला असेल, कलेक्टर ऑफिसात माहिती अधिकारात विचारा. आमच्या आजोबांच्या फाइलीत सहबंदी म्हणून सही होती ती शेजारच्या गावच्या एका शिंप्याची, घरात कोणी कधी त्याचं नावही काढलं नव्हतं. खाली वळणदार मराठीत लिहिलेलं, "आम्ही एकाच बराकीत होतो", आणि पुढे कलम आणि सुटकेची तारीख. त्यांच्या नातवाकडे गेलो तर ट्रंकेत जेलमधून आलेलं पत्र, सेन्सॉरच्या शिक्क्यासकट.

आणि फक्त ठाण्यावर अडून बसू नका. १९३० ला जेलं इतकी भरली की वरळीच्या बीडीडी चाळींचंच तात्पुरतं जेल केलं होतं, शिवाय येरवडा, नाशिक, विसापूर, माणसं सारखी इकडून तिकडे हलवली जायची, त्यामुळे घरात लक्षात राहिलेलं जेल म्हणजे पूर्ण शिक्षा भोगली तेच असं नाही. खुद्द सावरकरसुद्धा डोंगरी, भायखळा, ठाणे असं करत १९११ ला अंदमानात पोचले. बाकी ठाण्याचं जेल म्हणजे मुळात पोर्तुगीजांनी १७३० ला बांधायला घेतलेला किल्ला, १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे तिथूनच पळाले आणि १९ एप्रिल १९१० ला नाशिकच्या जॅक्सन खून खटल्यातल्या कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना फाशी दिली तीही तिथेच. त्यामुळे घरच्या गोष्टीत या मोठ्या नावांची सरमिसळ होते, "पणजोबा कान्हेऱ्यांबरोबर होते" वगैरे कोणी म्हणालं तर आधी वर्षं जुळवून बघा :)

शिक्षा झाली असेल तर केस मॅजिस्ट्रेट कोर्टात चाललेली असणार, मिठाची असो वा जंगल सत्याग्रहाची. ४२ च्या चळवळीतले स्थानबद्ध (खटल्याविना डांबलेले) असते तर खटलाच नाही, मग मुंबईच्या पुराभिलेखागारात (एल्फिन्स्टन कॉलेजची बिल्डिंग) होम डिपार्टमेंट स्पेशलच्या फायली बघायच्या. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातलं घरबसल्या त्यांच्या 'अभिलेख पटल' या वेबसाइटवर शोधता येतं. इंग्रजीत शोधताना ठाणेऐवजी 'थाना' (Thana) टाका आणि आडनावाच्या मागे लागू नका, नाव, बापाचं नाव, गाव असं जोडून बघा, आडनावाची स्पेलिंगं साहेबाने हवी तशी केलीत.

अजून एक, राग मानू नका, पण "जेलात होते" म्हणजे कैदीच असं धरू नका. माझ्या ओळखीत एकांचे पणजोबा वॉर्डर (जेलचे पहारेकरी) निघाले, तेव्हा सर्व्हिस बुक आणि ट्रेझरीचे पेन्शनचे कागद शोधावे लागले.

गाव, तालुका आणि अंदाजे वर्ष टाका, मग कुठल्या कोर्टापासून सुरुवात करायची ते सांगतो.