घोडे मिळतील, आधी सोबत चालणारी माणसं जमवा

तुम्ही लिहिलंय की होटगी रोडला मित्राच्या शेतावर दोन घोडे आहेत, सात-आठ जणांची तयारी आहे आणि दर रविवारी दिव्यांग मुलांना घोडेस्वारी शिकवायचा उपक्रम सुरू करायचाय. घोडा कसा निवडायचा, जागा कशी करायची, परवानगी कसली लागते, हे विचारलंय. मी सोलापुरातच असा उपक्रम अकरा वर्षं चालवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मात्र तुमच्या प्रश्नांचा क्रम मोडून, कारण असे उपक्रम ज्या गोष्टीपायी बंद पडतात ती तुम्ही विचारलेलीच नाही.

एका मुलामागे तीन माणसं लागतात. एक घोडा धरून चालणारा, दोघं दोन बाजूंना. शिवाय मैदानाच्या मध्ये उभं राहून सगळ्यांवर लक्ष ठेवणारा आणि शिकवणारा एक. बाजूला चालणाऱ्याचा हात मुलाच्या मांडीवर आडवा असतो आणि बोटांनी खोगिराची पुढची कड धरलेली असते. तसा हात वर धरून वीस मिनिटं वाळूतून चालून बघा, खांदा भरून येतो. दोन घोडे म्हणजे सात माणसं, दर रविवारी, पहाटे सहाला. सात-आठ जण ‘तयार’ असतील तर प्रत्यक्षात चार येतात. कुणाकडे लग्न, कुणाची ड्युटी, आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर निम्मे दिसतच नाहीत. त्यात कुणाचा दोष नाही, पण मोहोळहून एसटीने मूल घेऊन आलेल्या आईला हे सांगता येत नाही. म्हणून एकाच घोड्यावर सुरू करा आणि बारा जणांची यादी हाताशी ठेवा. तीन माणसं नसतील त्या दिवशी मूल घोड्यावर बसणार नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नका. त्या दिवशी मुलांनी खराऱ्याने घोड्याचं अंग घासायचं, चारा घालायचा, घोड्याबरोबर चालायचं. तोही वर्गच असतो.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण दुसऱ्या वर्षी आमच्याकडून चूक झाली. लग्नसराईचे दिवस होते. शेजारच्या मंगल कार्यालयात सकाळीच फटाक्यांची माळ लागली. घोडी एकदम उजवीकडे सरकली, आणि नेमका त्याच क्षणी डाव्या बाजूच्या स्वयंसेवकाने फोटो काढायला हात सोडला होता. नऊ वर्षांचा पोरगा डावीकडे घसरून वाळूत पडला. मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे. वडील एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. पोरगा पुढच्या महिन्यात आला, पण चार महिने घोडीवर बसला नाही. नुसता खरारा घेऊन तिच्या मानेपाशी उभा राहायचा. तेव्हापासून फाटकाशी एक टोपली आहे, सगळ्यांचे फोन तिच्यात. आणि दर महिन्याला तातडीने उतरवायचा सराव होतो, मुलाऐवजी हलका स्वयंसेवक बसवून. मधल्या माणसाने ‘उतरव’ म्हटलं की डावीकडच्याने कमरेला मिठी मारून बाहेर ओढायचं, उजवीकडच्याने पाय रिकिबीतून सोडवून वरून पलीकडे द्यायचा, आणि पुढच्याने काहीही झालं तरी घोड्याचं तोंड सोडायचं नाही. आरडाओरडा नाही.

आता मुलांविषयी. तुम्ही ‘थेरपी’ हा शब्द वापरलाय, तो जपून वापरा. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट घोड्याच्या चालीचा उपचार म्हणून वापर करतात, ती हिप्पोथेरपी. आपण स्वयंसेवक करतो ती दिव्यांग मुलांना जमेल अशी घोडेस्वारी. दोन्हींचा आधार एकच आहे. चालणारा घोडा पाठीवरच्या माणसाचं कंबरडं पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि गोल असं हलवतो, जवळपास आपण स्वतः चालताना हलतं तसंच. मिनिटाला शंभरेक पावलं, म्हणजे वीस मिनिटांत दोन हजार. ज्या मुलाने कधी पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या कमरेला आणि पाठीला तेवढ्या वेळा तोल सावरावा लागतो. फायदा दिसतो तो बसण्यात, मान धरण्यात, ताठरलेल्या मांड्या सैल होण्यात. ‘मूल चालायला लागेल’ असं कुठल्याही आईला सांगू नका. आमच्याकडे येणारी एक मुलगी सहा महिन्यांनी ताटावर न कलंडता जेवायला लागली. तिच्या घरच्यांना ते पुरेसं होतं, मलाही.

डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर मूल घेऊ नका. युडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, टक्केवारी असते, पण आपल्याला मान, खुबा, मणका आणि फिट्स यांविषयी कळायला हवं. डाउन सिंड्रोमच्या मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून मानेचा एक्स-रे आणि डॉक्टरांची तपासणी झाल्याशिवाय बसवायचं नाही. नंतरही चाल बदलली, मान दुखायला लागली, लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी थांबवायचं. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही तो विकार) खुबा सरकलेला असू शकतो, तिथेही एक्स-रे. फिट्स आटोक्यात नसतील तर नाही. चार वर्षांखालचं मूल नाही. ‘नाही’ म्हणताना आईवडिलांचा चेहरा पडतो, तेव्हा त्यांना खरारा आणि चाऱ्याचं काम दाखवा, लगेच.

अशी एक गोष्ट सांगतो, जी वाचायला किरकोळ वाटेल. सुरुवातीला खोगिराऐवजी आम्ही सोलापुरी चादर घडी करून टाकायचो. आपली चादर, घरात असतेच. पण सुती कापड घामाने ओलं झालं की सरकतं आणि चुणी पडते. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे कमरेखाली संवेदना नसलेला एक मुलगा त्या चुणीवर पंधरा मिनिटं बसला. त्याला काही कळलं नाही, आम्हालाही नाही. रात्री आईने चड्डी बदलताना मांडीच्या आत बोटभर लांब लाल वळ बघितला, आणि तो भरायला महिना गेला. आता लोकरीचा जाड नमदा, त्याच्यावर कातडी पट्टा आणि धरायला मूठ. उतरल्यावर प्रत्येक मुलाची कातडी आईने किंवा वडिलांनी आडोशाला नेऊन बघायची, मगच घरी. हेल्मेट घोडेस्वारीचंच घ्या. मोटारसायकलचं जड असतं, कमजोर मानेला ते झेपत नाही.

घोड्याकडे येऊ. तुमच्या मित्राचे घोडे वरातीचे असतील तर ते वापरू नका. शनिवारी रात्री एकपर्यंत बँडपुढे उभा असलेला घोडा रविवारी सकाळी थकलेला असतो, आणि नाचायला शिकवलेला घोडा हलगी ऐकली की पाय उचलायला लागतो. नर घोडा नकोच. घोडी किंवा खच्ची केलेला, आठ-दहा वर्षांपुढचा. आपल्याकडे सगळ्यात चांगलं चालतं ते भीमथडी तट्टू. धनगरांच्या कळपाबरोबर फिरलेलं तट्टू पाठीवर बिऱ्हाड आणि कोकरं वाहून सरावलेलं असतं. कुत्रं, पोरं, भांड्यांचा आवाज, कशाला बिचकत नाही. उंची साधारण १३० सेंटिमीटर, त्यामुळे बाजूच्या माणसाचा हात पोचतो. अकलूजच्या घोडेबाजारात विकणारे देवमण आणि पंचकल्याणी अशी अंगावरची शुभ लक्षणं सांगतील. ऐकून घ्या आणि खूर बघा, पाठ दाबून बघा, सपाट जमिनीवर चालवून चारही पावलं वेगवेगळी आणि सारख्या तालात पडतात का ते बघा. रेवाल चालीचा, म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास एकदम टाकणारा घोडा बाजारात महाग असतो, आपल्या कामाचा नसतो.

वजनाचा हिशेब कडक ठेवा. मूल आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. काटा नसेल तर टेप घ्या. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. घेर १५० आणि लांबी १३० असेल तर २४६ किलो येतं, म्हणजे ४९ किलोची मर्यादा, सामान धरून. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना हे तट्टू पुरत नाही. त्यांच्यासाठी मोठा घोडा आणि उंच स्वयंसेवक मिळेपर्यंत थांबावं लागलं तरी थांबा.

नवा घोडा आणण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत करून घ्या. तो रोग माणसालाही होतो. धनुर्वाताची लस घोड्यांना आणि स्वयंसेवकांनाही. आणि शेजारचे शेतकरी प्रेमाने हिरव्या ज्वारीचा भारा आणून टाकतील. तो घोड्याला घालू नका. कोवळी ज्वारी घोड्याला बाधते, मूत्राशय आणि मागचे पाय जातात. वाळलेलं गवत, थोडा लसूणघास, कोंडा, भरपूर पाणी.

जागा काळ्या मातीत करू नका. पावसात घोड्याचे पाय रुततात, उन्हाळ्यात भेगांत खूर अडकतो. मुरूम दाबून घ्या, वर दोन-तीन इंच वाळू. चढायचा ओटा ६० सेंटिमीटर उंच धरला तर एकास बारा उताराने व्हीलचेअरचा रॅम्प चोवीस फूट होतो. लोक तो दहा फुटांत बसवायला बघतात आणि मग खुर्ची उचलून न्यावी लागते. घोड्याच्या पलीकडे दुसरा छोटा ओटा हवा, तिकडून पाय धरणारा उभा राहतो. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत शेवटचं मूल उतरलं पाहिजे, आणि मेचे शेवटचे तीन आठवडे आम्ही बंदच ठेवतो.

अशोक चौक भागातून मुलं येणार असतील तर एक तरी तेलुगू बोलणारा स्वयंसेवक हवा, अक्कलकोट रोडकडून आली तर कानडी. आमच्याकडे एक मुलगा वर बसल्यावर ‘आगु, आगु’ म्हणत होता आणि आमची मंडळी कौतुकाने हसत चालत राहिली. तो तेलुगूत ‘थांबा’ म्हणत होता. आता ‘थांब’ आणि ‘भीती वाटते’ हे शब्द तिन्ही भाषांत फळ्यावर लिहिलेत आणि प्रत्येकाला पाठ आहेत. न बोलणाऱ्या मुलासाठी हाताची एक खूण ठरवून घ्या. मुलाने थांबा म्हटलं की घोडा थांबलाच पाहिजे.

कागदपत्रं: ट्रस्टची नोंदणी करा, अपघात विमा घ्या, प्रत्येक स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी करा, आणि कुठलाही मोठा माणूस मुलाबरोबर एकटा राहणार नाही याची काळजी घ्या. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ सगळ्यांना एकदा वाचून दाखवा. वाढदिवसानिमित्त ‘एक दिवस मुलांसाठी’ करायला पुढारी येतील, खाऊ आणि फोटोवाला घेऊन. आम्ही एकदा हो म्हटलं आणि पस्तीस मुलं एका तट्टावर दोन-दोन मिनिटं फिरवली. त्या तट्टाने पुढचे दोन रविवार तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळू दिला नाही. त्यानंतर कुणालाच हो म्हटलेलं नाही.

‘आमचं पोरगं आणि घोड्यावर?’ असं आजी-आजोबा म्हणतात, तेव्हा मी लिस हार्टेल यांच्याविषयी सांगतो. डेन्मार्कच्या या बाईंना १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय गेले. १९५२ ला हेलसिंकीत आपल्या खाशाबांनी कुस्तीत कांस्य जिंकलं, त्याच ऑलिम्पिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्य मिळवलं. घोड्यावर चढा-उतरायला त्यांना माणूस लागायचा. खाशाबांचं नाव निघालं की आजोबा सरसावून बसतात.

तर पहिले चार रविवार एकही मूल बोलावू नका. बारा जण जमवा, पाळीपाळीने हलक्या माणसाला डोळे बांधून तट्टावर बसवा, बाकीच्यांनी धरून चाला. चौथ्या रविवारी सहाला किती जण हजर होते ते इथे लिहा. आठच्या वर असतील तर आमच्या ओट्याची आणि रॅम्पची मापं, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मराठी नमुना, दोन्ही टाकतो.