ठिगळ, चेन आणि रेनकोट

मुलाच्या पँटीला गुडघ्यावर ठिगळ लावलं. महिनाभरात ठिगळाच्या कडेनेच कापड फाटलं. काय चुकलं?

ठिगळ भोकापुरतं कापलं गेलं. भोकाभोवतीचं कापडही विरलेलं असतं आणि तिथेच टाके पडले की सुईच्या भोकांवरून ते फाटत जातं. पँट उजेडासमोर धरा. कापड जिथवर जाळीदार दिसतं तिथवर खडूने रेघ मारा आणि ठिगळ त्या रेघेच्या बाहेर चहूबाजूंनी 2 सेंटीमीटर जाईल एवढं घ्या. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा सर्वांत आधी उचकटतो. ठिगळाचं कापड पँटीपेक्षा जाड नको. जाड ठिगळ गुडघ्याबरोबर वाकत नाही आणि सगळा ताण त्याच्या कडेवर येतो. कापड नवं सुती असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर ते पहिल्याच धुण्यात आटून चुण्या पडतात. पँटीचं कापड ताणणारं असेल तर ठिगळही ताणणारंच हवं आणि मशीनला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, सुई लावा.

लहान पँटीचा पाय मशीनखाली सरकवण्याची झटापट करू नका. गुडघ्याच्या वरखाली मिळून 20-25 सेंटीमीटर शिवण उसवा, कापड सपाट पसरा, पॉलिस्टरच्या दोऱ्याने ठिगळाच्या कडेवर झिगझॅग टीप मारा आणि मग शिवण परत घाला. जीन्सच्या दोन शिवणींपैकी एक बहुधा दुहेरी टिपेची असते, ती सोडून साधी उसवा. खरं तर ठिगळाची उत्तम वेळ भोक पडण्याआधीची. गुडघा विरळ दिसू लागला की आतून लावावं.

जॅकेटची चेन लावली की रनरच्या मागून पुन्हा उघडते. अख्खी चेन बदलावी का?

सगळे दात जागेवर असतील तर मुळीच नाही. दोष रनरचा आहे. वापराने त्याच्या दोन पत्र्यांमधली फट रुंदावते आणि दात एकमेकांत पुरेसे दाबले जात नाहीत. रनर तळाशी आणा. चेन लावताना त्याची जी बाजू मागे राहते, तिच्या डाव्या आणि उजव्या कडा पक्कडीने आळीपाळीने हलक्या दाबा. दर दाबानंतर ओढून पाहा. एकदम जोर लावला तर रनर घट्ट बसतो किंवा तडकतो.

दोन-चार दिवसांत चेन पुन्हा उघडू लागली तर रनर झिजला आहे, नवा घाला. बऱ्याच रनरच्या पाठीवर मापाचा आकडा असतो: 3, 5, 8 किंवा 10. आकड्याबरोबर प्रकारही जुळायला हवा, कारण कॉइलच्या, म्हणजे सलग वेटोळ्याचे दात असलेल्या, चेनला सुट्या प्लास्टिक दातांचा रनर चालत नाही. चेनच्या तळाची पिन तुटली असेल किंवा तिथली पट्टी विसविशीत झाली असेल, तर मात्र पूर्ण चेन बदला.

फाटलेला रेनकोट शिवला, तरी पाणी आत येतं.

सुईचं प्रत्येक भोक गळतं. नायलॉनच्या रेनकोटला चिकटणारं नायलॉनचं ठिगळ लावा: जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवा, ठिगळ चिरेच्या बाहेर 2 सेंटीमीटर जाऊ द्या, मधून कडेकडे दाबा आणि 24 तास पाणी लागू देऊ नका. जाड पीव्हीसीवर हे ठिगळ टिकत नाही, तिथे पीव्हीसीचाच तुकडा आणि पीव्हीसीचा गोंद हवा. इस्त्री दोन्हींवर नको.