परवान्याची फाइल आणि जूनचा गणवेश

या वेळच्या टपालात परवाने, क्रमांक आणि अडकलेले पैसे यांवरचीच पत्रं जास्त आली. त्यांतली चार घेते.

प्रश्न : ताई, आमचा दोन पिढ्यांचा टॉवेलचा धंदा. मी शाळेचे गणवेश शिवायचं युनिट टाकायला घेतलं. जानेवारीत अर्ज केले, जून उजाडला तरी एक मंजुरी अडकलेलीच. माझा भाऊ पुण्यात असतो. तो म्हणतो, व्यवसाय सुलभतेत भारत १४२ वरून ६३ वर आला होता, तूच कुठेतरी कमी पडतोयस. तो सुलभपणा आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत का पोचला नाही?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : भावाचे आकडे बरोबर आहेत. पण ती मोजणी करणारे सोलापूरला आलेच नव्हते.

जागतिक बँक २००३ पासून ही यादी काढत होती. २०१४ साली आलेल्या यादीत आपण १४२ वे होतो आणि २०१९ साली आलेल्या यादीत (तिला ‘२०२० चा अहवाल’ म्हणतात) १९० देशांत ६३ वे. त्यासाठी भारतातली शहरं किती पाहिली? दोन. मुंबई आणि दिल्ली. तिथेही कुणी कारखान्यांची दारं वाजवत फिरलं नाही. वकील, सीए, आर्किटेक्ट, मालाची ने-आण करणारे एजंट यांना प्रश्नावली जायची. एक कल्पित कंपनी धरायची, कागदपत्रं पूर्ण, मालक जाणकार, आणि विचारायचं की हिला गोदाम बांधायला परवानगी किती दिवसांत मिळेल, वीजजोड किती दिवसांत मिळेल. त्या उत्तरांवरून देशाचा क्रमांक. गोदामाच्या परवानगीत आपण २७ वे आलो, कारण त्या दोन महानगरांनी बांधकाम परवानगीचं काम ऑनलाइन केलं होतं. ते काम खरंच चांगलं झालं, नावं ठेवायला जागा नाही. फक्त ते तुमचं नव्हतं.

या सगळ्या मोजणीच्या मुळाशी तुमच्यासारखंच एक शिलाईचं युनिट आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८३ मध्ये पेरू देशात अर्थतज्ज्ञ हर्नांडो दे सोटो यांच्या संस्थेने लिमा शहराच्या कडेला कपडे शिवण्याचा एक छोटा कारखाना कायदेशीर नोंदवून पाहायचं ठरवलं. ओळख लावायची नाही, वशिला नाही, सामान्य माणसासारखं रांगेत उभं राहायचं. लागले २८९ दिवस. दहा वेळा लाच मागितली गेली. दोनदा दिल्याशिवाय फाइल पुढे सरकेचना, म्हणून द्यावी लागली. दे सोटोंची माणसं स्वतः खिडकीशी उभी राहिली होती. पुढे जी जागतिक मोजणी झाली तिने खिडकी सोडली आणि खिडकीवर काय घडायला हवं हे जाणकारांना विचारलं. माझ्या मते चूक तिथे झाली.

मेरी हॉलवर्ड-ड्रायमायर आणि लँट प्रिचेट या दोघांनी २०१५ मध्ये नियमाने लागणारे दिवस आणि प्रत्यक्ष उद्योजकांनी सांगितलेले दिवस शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींचा फारसा मेळ बसेना. आणि एकाच देशात, एकाच परवानगीसाठी कुणाला अगदी थोडे दिवस लागलेले, कुणाला कित्येक महिने. त्यांचं म्हणणं असं की अशा ठिकाणी धंदा नियमांवर चालतच नाही, ज्याच्या त्याच्या सौद्यावर चालतो. हे वाचताना मला साखर पेठेतल्या माझ्या ऑफिसातलं बाकडं आठवलं. मी करसल्लागार, त्यामुळे परवान्यांसाठी हेलपाटे घालणारे माझ्याकडे येऊन बसतातच. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांचा अर्ज एकाच प्रकारचा असतो. एकाचं काम झालेलं असतं आणि दुसऱ्याला तिसऱ्यांदा ‘त्रुटी’ निघालेली असते.

म्हणून मला कुणी विचारलं की सोलापुरात कारभार सुधारला की नाही हे कसं मोजायचं, तर मी सरासरी मागणार नाही. सगळ्यात लवकर सुटलेला अर्ज आणि सगळ्यात रखडलेला अर्ज यांतलं अंतर मागेन. तुमचंच बघा. गणवेशाच्या ऑर्डरी थंडीत पक्क्या होतात, मार्चपासून मशीनवर माणसं बसवावी लागतात, जूनच्या मध्याला शाळा भरतात. मंजुरीला चार महिने लागतात असं आधी कळलं असतं तर तुम्ही दिवाळीतच अर्ज टाकला असता. दिवस जास्त लागले हे वाईटच. पण किती लागतील हे कुणालाच सांगता येत नाही, त्यात तुमचा अख्खा हंगाम गेला. ज्याची ओळख आहे त्याला ते सांगता येतं, आणि तीच त्याची कमाई.

आता करायचं ते करा. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. तुमची मंजुरी अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या सेवांच्या यादीत आहे का ते आधी बघा, बहुतेक असेल. असेल तर तिला ठरलेली मुदत आहे, अर्जाची पोच मिळायला हवी, नकार असेल तर कारण लेखी द्यायला हवं. मुदत उलटली की पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्याचा लोकसेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम बघून हसू नका, सेवापुस्तकात नोंद कुणालाच नको असते. आणि त्रुटी तोंडी सांगितली तर ऐकून घेऊन घरी येऊ नका. ‘साहेब, पोर्टलवर टाका’ म्हणा. तोंडी त्रुटीला तारीख नसते, ओ.

प्रश्न : ती यादी बनावट निघाली म्हणून बंद केली, असं वाचलं. मग भारताचा क्रमांकही खोटाच का?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : २०१८ आणि २०२० च्या अहवालांत चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान या चार देशांच्या आकड्यांत गडबड आढळली. सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने यादीच बंद केली. त्या चारांत भारत नव्हता. पण क्रमांक हेच ध्येय झालं की सरकारं मोजल्या जाणाऱ्या शहरांत, मोजल्या जाणाऱ्या खिडक्या रंगवतात, हे आपल्यालाही लागू आहे. बँकेने २०२४ पासून ‘बिझनेस रेडी’ नावाची नवी मोजणी सुरू केली, पहिल्या फेरीत ५० देश. त्यात नियम, सरकारी सेवा आणि प्रत्यक्ष कामाचा वेग वेगवेगळे पाहतात, आणि जाणकारांच्या जोडीला उद्योजकांनाही विचारतात. निदान दिशा बरी आहे.

प्रश्न : इतकी कटकट आहे तर छोट्या कारखान्यांच्या परवानग्या सरसकट रद्द का करत नाहीत?
— एक यंत्रमागधारक, अशोक चौक

उत्तर : काही केल्या, आणि बरं झालं. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांची नोंदणी काढून फक्त ऑनलाइन सूचना ठेवली. त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

पण सरसकट नको. मे २०२५ मध्ये आपल्याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. त्यानंतर अग्निशमनाचा दाखला ही कटकट आहे असं मला तरी म्हणवत नाही. सूत, कापूस, रंग यांच्यात माणसं रात्रपाळी करतात, कुठे कुठे मालक वरच्या मजल्यावर राहतात. तिथे तपासणी हवी, आणि तपासणाऱ्याने जिना चढून, बाहेर पडायला रस्ता आहे का ते बघायला हवं. सध्या तक्रार दोन्हीकडून आहे : दाखला वेळेत मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा कुणी येऊन पाहिलेलं नसतं. जुन्या यादीत दिवस कमी लागले की गुण वाढायचे. न बघता सही झाली तरी दिवस कमीच लागतात.

प्रश्न : परवाने सगळे आहेत. परराज्यातल्या व्यापाऱ्याने चादरींचे पैसे वर्षभर थकवलेत. कोर्टात जाऊ का?
— एक महिला उद्योजक, साखर पेठ

उत्तर : जायच्या आधी एक आकडा ऐका. त्याच २०२० च्या अहवालात, करारातले पैसे कोर्टातून वसूल करायला भारतात १,४४५ दिवस धरले होते आणि त्यात आपला क्रमांक १६३ होता. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात ६३ आला, हा आला नाही.

तुम्ही उत्पादक आहात आणि माल देण्याआधीपासून तुमची उद्यम नोंदणी (छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार घ्या. लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी घेता येत नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. तक्रार याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन करता येते. बिलं, माल पोचल्याची सही, व्हॉट्सॲपवरचे त्याचे ‘पुढच्या आठवड्यात देतो’ सगळं जोडा. आणि ज्यांची अजून उद्यम नोंदणी नाही त्यांनी आजच करून घ्या. ती आधारवर होते आणि फुकट आहे, त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.