साप चावलेला पेशंट आणि काचेची नळी

बाबू, पावसाळ्यातली तुझी ही पहिलीच नाइट ड्यूटी, म्हणून सांगून ठेवतो. निंदणं सुरू झालं की साप चावलेले पेशंट येणारच. आयएनआरचं, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारं मशीन बंद पडलं तरी चालेल, रक्त गोठतंय का ते बघायची 20 मिनिटांची टेस्ट हातात बसली पाहिजे.

शिरेतून काढलेलं ताजं 2 मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घाल. 20 मिनिटं तिला हात लावू नको. नातेवाईक मागून विचारत राहतील, तरी हलवून पाहायचं नाही. मग एकदाच तिरपी कर. रक्त ओघळलं तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलं समज, डॉक्टरांना लगेच उठव. गोठलं तर निश्चिंत होऊ नको, टेस्ट पुन्हा-पुन्हा करावी लागते. आणि नाग-मण्यारच्या विषात रक्त बहुधा गोठतंच, तिथं पापण्या जड होतायत का ते बघतात.

नळी प्लास्टिकची नको. काचेच्या स्पर्शानंच गोठण्याची साखळी सुरू होते. नवा होतो तेव्हा मी साबण-पावडरीनं धुतलेली नळी वापरली. रक्त काही गोठेना, सगळ्यांची धावपळ! शेवटी डबीतून आणलेला साप निघाला धोंड्या, बिनविषारी. डॉक्टरांनी जे सुनावलं ते अजून आठवतं.

सापाच्या विषावरची लस (प्रतिविष) दिल्यावर पुढची टेस्ट 6 तासांनी. लिव्हरला रक्त गोठवणारे नवे घटक बनवायला तेवढा वेळ लागतो.

मशीनवरच्या टेस्टची निळ्या झाकणाची ट्यूब मात्र खुणेपर्यंतच भर, रक्त गोठू न देणारं सायट्रेट 1 भाग नि रक्त 9. आणि उन्हाळ्यात कितीही उकडलं तरी पीटीचं (आयएनआर ज्यावरून काढतात त्या टेस्टचं) सॅम्पल फ्रीजमध्ये ठेवू नको.