वाचक विचारतात : पॉवर वीडर उड्या का मारतो?

प्रश्न : घराशेजारच्या दहा गुंठे काळ्या जमिनीत भाजीपाल्यासाठी ७ एचपीचा पेट्रोलवरचा पॉवर वीडर (हाताने धरून चालवायचे, माती भुसभुशीत करणारे छोटे यंत्र) चालवतो. पाती मातीत शिरत नाहीत, यंत्र उड्या मारत पुढे पळते. पाती बदलू का? (जि. जालना)

उत्तर : खर्च करण्याआधी मागचा लोखंडी दांडा बघा. चाकांच्या जागी रोटर (फिरत्या पात्यांचा संच) बसणाऱ्या वीडरमध्ये पातीच चाकाचे काम करतात. कडक जमिनीत ती रुतण्याऐवजी वरच्यावर पळतात. त्यांना रोखतो तो हा दांडा. यंत्र हलके चालावे म्हणून बरेच जण तो वर चढवून ठेवतात आणि मग दिवसभर यंत्राशी कुस्ती खेळतात. दांडा खाली घ्या. हँडल दाबले की दांडा रुततो, यंत्र थबकते, पाती खोल जातात; हँडल जरा उचलले की यंत्र पुढे सरकते. पहिल्या फेरीत दोन इंचच खोली घ्या, मग दांडा एक भोक खाली घेऊन चार-पाच इंच.

वाफसा (मशागतीला योग्य ओल) नसेल तर दांड्याचाही उपयोग नाही. चार इंच खालची माती मुठीत दाबून गोळा करा. अंगठ्याने दाबताच तो भुगा होऊन फुटला तर काम सुरू करा. नुसताच चेपला तर थांबा. ओल्या काळ्या मातीत रोटर फिरवला की वाळल्यावर नुसती ढेकळे उरतात. जमीन पार सुकली असेल तर हलके पाणी देऊन वाफसा येऊ द्या.

पात्यांची धार फिरण्याच्या दिशेला आहे ना, हेही पाहा. डावा-उजवा रोटर अदलाबदल झाला तरी हेच लक्षण दिसते.

प्रश्न : रोटरला ठिबकची नळी गुंडाळली जाते. ती कशी काढावी?

उत्तर : इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा, इंजिन निवू द्या. मग विळ्याने कापून काढा, ओढू नका. वरचे निघाले म्हणून थांबू नका, पिना काढून रोटर उतरवा. शाफ्टच्या मुळाशी अडकलेला दोरा किंवा नळीचा तुकडा ऑइल सील कापतो आणि गिअरबॉक्सचे तेल गळू लागते. मशागतीआधी नळ्या गुंडाळून बांधावर ठेवणे केव्हाही स्वस्त.

जाता जाता : क्लचची मूठ दोरीने बांधून यंत्र चालवू नका. मूठ सुटली की रोटर थांबतो, तीच तुमची सुरक्षा. रिव्हर्समध्ये पाय घसरला तर फिरती पाती थेट अंगावर येतात. कुंपणापाशी वळायला पाच-सहा फूट जागा सोडा, म्हणजे रिव्हर्स घ्यावाच लागणार नाही. पायात गमबूट हवेत, चपला नकोत.

प्रश्न : वीडर फिरवला की हरळी मरते का?

उत्तर : नाही, वाढते. पाती तिच्या काशांचे (जमिनीखालच्या पेरदार खोडांचे) तुकडे करतात आणि ओल मिळताच प्रत्येक पेर फुटते. एप्रिल-मेमध्ये कोरड्या जमिनीत कुदळीने खोल खणून काशा वेचा, उन्हात वाळवून जाळा. वीडर त्यानंतर.