भिंत भिजली तर वाळणार कुठून? जुन्या घरांच्या इन्सुलेशनबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात खिडक्यांच्या फटी कशा बुजवायच्या ते लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आली, पण त्यातली निम्मी खिडक्यांबद्दल नव्हतीच, भिंतींबद्दल होती. म्हणून यावेळी फक्त भिंती, म्हणजे त्यांत उष्णता अडवणारं साहित्य (इन्सुलेशन) कसं भरायचं किंवा त्यांवर कसं लावायचं ते. थंड प्रदेशात जुन्या घरात राहणाऱ्यांसाठी हा विषय फार महत्त्वाचा आहे आणि यात घाई केली की नुकसान दोनतीन वर्षांनी दिसतं, तेव्हा जरा सविस्तर लिहितेय.

प्रश्न: ताई, आमचं घर लाकडी सांगाड्याचं आहे, जवळजवळ शंभर वर्षं जुनं. भिंती आतून पोकळ आहेत, हिवाळ्यात बाहेर उणे १५ असतं तेव्हा भिंतीला पाठ टेकवून बसवत नाही. ठेकेदार म्हणतोय बाहेरून भोकं पाडून दोन दिवसात सेल्युलोज (रद्दी कागदाचा भुगा) भरून देतो. करून घेऊ का?

उत्तर: करून घ्या, पण आधी दोनतीन गोष्टी बघून घ्या आणि मग करा. पहिलं म्हणजे माळ्यावर चढा. गरम हवा वर जाते, माळ्याच्या फटींतून बाहेर पडते आणि तेवढीच थंड हवा खालून, तळघराकडून, घरात ओढली जाते, त्यामुळे माळा उघडा ठेवून नुसत्या भिंती भरल्या तर पैसे गेले आणि पाय गारच राहिले असं होतं. आधी माळ्यावरच्या फटी (पाइप जिथून वर जातात, दिव्यांची भोकं, चिमणीच्या बाजूची जागा, आणि चिमणीपाशी न जळणारंच साहित्य वापरायचं) बुजवून तिथे जाड थर टाकायचा, मग भिंती. शक्य असेल तर ब्लोअर डोअर टेस्ट करून घ्या, त्यात दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतात, ५० पास्कलचा दाब धरतात, आणि मग हातात अगरबत्ती घेऊन घरभर फिरलं की धूर कुठे थरथरतो त्यावरून फट नेमकी कुठे आहे ते कळतं. असं एकदा बघितलं की आपलं घर आपल्यालाच नव्याने कळतं, खरंच सांगते.

दुसरं, वायरिंग. एवढ्या जुन्या घरात चिनीमातीच्या छोट्या खुंट्यांवरून ओढलेल्या जुन्या वायरी भिंतीत असू शकतात. त्या मोकळ्या हवेत थंड राहतील असा हिशोब धरून टाकलेल्या असतात, त्यांच्याभोवती इन्सुलेशन कोंबलं तर उष्णता बाहेर पडत नाही आणि आगीचा धोका होतो. इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा, यात अजिबात तडजोड नको.

तिसरं, भिंतीची पोकळी खालून वरपर्यंत सलग आहे का ते बघायचं. जुन्या पद्धतीत उभे खांब पायापासून थेट छपरापर्यंत एकसंध जायचे आणि मध्ये मजल्याला आडवं लाकूड नसायचं. अशा भिंतीत भरलेला माल तळघरात गळतो किंवा मजल्याखाली पसरतो, आणि आग लागली तर तीच पोकळी धुराड्यासारखी चालते. खालीवर अडसर घालून मगच भरायचं.

आता ठेकेदाराला काय विचारायचं ते सांगते. सेल्युलोज सैल भरलं की काही वर्षांत बसतं आणि भिंतीच्या वरच्या भागात रिकामा पट्टा राहतो, म्हणून ते दाबून भरायला हवं, घनमीटरला साधारण ५६ किलो. तुमच्या भिंतीची पोकळी ९ सेंटीमीटर असेल तर १० चौरस मीटर भिंतीला ५० किलो होतात, लाकडाची जागा वजा केली तर ४० ते ४५. काम चालू असताना रिकाम्या पिशव्या मोजा, हिशोब लगेच लागतो. आणि काम झाल्यावर एखाद्या कडाक्याच्या थंडीच्या सकाळी थर्मल कॅमेऱ्याने (भिंत कुठे गार, कुठे गरम ते तो दाखवतो) भिंती बघून घ्या, खिडकीखालच्या छोट्या कप्प्यांत बहुतेक वेळा भरायचं राहून गेलेलं असतं. शेवटचं बिल त्यानंतर द्या.

आणि हे सगळं करण्याआधी पन्हळी बघा. आमच्या स्वतःच्या घरी एका ठेकेदाराने पागोळ्यांचं पाणी जिथे भिंतीवर उतरत होतं ती भिंत तशीच भरून टाकली, दोन वर्षांनी बाहेरच्या फळ्या हाताने तुटून येत होत्या. पूर्वी पोकळीतून वारं फिरायचं म्हणून ती ओल रोज थोडीथोडी वाळायची, इन्सुलेशनने ती वाळायची सोय बंद केली. तेव्हापासून मी कुठलीही भिंत बघितली की पहिला प्रश्न हाच विचारते, ही भिजली तर वाळणार कुठून?

प्रश्न: घर विटांचं आहे, नऊ इंची भरीव भिंत, पोकळी नाही. बाहेरचं विटकाम सुंदर आहे ते झाकायचं नाहीये. आतून स्प्रे फोम मारला तर चालेल का? कंपनीवाले म्हणतात जितका जाड तितका चांगला.

उत्तर: याच प्रश्नाला मी सगळ्यात जास्त घाबरते, कारण यात केलेली चूक परत काढता येत नाही.

विटेची भिंत पावसात भिजते आणि नंतर वाळते, हे शंभर वर्षं चाललंय. हिवाळ्यात ती वाळायला तुमच्या घरातली ऊब मदत करत होती, म्हणजे तुमचं जळण काही प्रमाणात भिंत सुकवायला जात होतं. आतून इन्सुलेशन लावलं की ती ऊब विटेपर्यंत पोचत नाही, वीट जास्त गार राहते आणि जास्त वेळ ओली राहते. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, ते विटेच्या आत गोठलं की विटेचे पापुद्रे सुटायला लागतात. त्याहून वाईट म्हणजे मजल्याच्या तुळयांची टोकं याच विटांत घुसवलेली असतात, ती आत कुजतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

दुसरी बाजू आतल्या वाफेची. खोलीत २० अंश तापमान आणि ५० टक्के दमटपणा असेल तर साधारण ९ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. इन्सुलेशनच्या मागची वीट हिवाळाभर त्या ९ अंशांच्या खाली असते. म्हणजे खोलीतली हवा इन्सुलेशनच्या मागे शिरायला जागा राहिली, की तिथे पाणी झालंच.

म्हणून जाडीचा हव्यास नको, आणि हा नुसता माझा आग्रह नाही, आकडे बघा. अशा भरीव भिंतीचा यू-व्हॅल्यू (आतबाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता बाहेर जाते तो आकडा) हिशोबाला २.१ धरतात. १० चौरस मीटर भिंत आणि आतबाहेर २५ अंशांचा फरक, म्हणजे ५२५ वॉट सतत बाहेर जातायत. आतून ६० मिलिमीटरचा लाकडी तंतूंचा बोर्ड लावला तर हे साधारण १२७ वॉटवर येतं. तोच १२० मिलिमीटर लावला तर ७२ वर. पहिल्या ६० मध्ये जवळपास ४०० वॉट वाचले, पुढच्या ६० मध्ये फक्त ५५, आणि त्या ५५ साठी वीट आणखी गार झाली, खोलीही लहान झाली. मला हा सौदा पटत नाही.

मग करायचं काय, तर आधी बाहेरून पाणी थांबवायचं. पन्हळी, खिडकीच्या खालचा दगड पाणी भिंतीपासून दूर टाकतो का, जमिनीलगतची माती विटांना टेकलीय का. विटांमधले सांधे उघडे पडले असतील तर ते चुन्याने भरून घ्या, सिमेंटने नको, सिमेंट जुन्या मऊ विटेपेक्षा कडक असतं, ओल मग सांध्यातून न जाता विटेतूनच बाहेर पडते आणि वीट झिजते. भिंतीला निदान एक पूर्ण मोसम वाळू द्या. मग आतून वाफेला वाट देणारं साहित्य लावा, लाकडी तंतूंचे बोर्ड किंवा कॅल्शियम सिलिकेटचे, मागे अजिबात पोकळी न ठेवता पूर्ण चिकटवून, वर चुन्याचा गिलावा आणि वाफ जाऊ देणारा रंग. खिडकीच्या आतल्या कडांना २० मिलिमीटर का होईना बोर्ड लावाच, नाहीतर सगळी भिंत उबदार आणि कड तेवढी गार, बुरशी बरोबर तिथेच येते. तुळयांची टोकं उघडून बघा, जमलं तर तिथे ओल मोजायचा सेन्सर ठेवून द्या.

बंद पेशींचा (आतले बारीक बुडबुडे बंद असलेला) स्प्रे फोम तेवढ्याच जाडीच्या दुसऱ्या साहित्याशी ताडून बघितला तर उष्णता फार चांगली अडवतो, हे खरंच आहे. पण तो वाफही अडवतो, म्हणजे विटेला आतल्या बाजूने वाळायचा रस्ता बंद, आणि तो विटेला असा चिकटतो की काढताना वीट सोलून निघते. कडक वीट, भिंतीच्या बरंच पुढे आलेलं छप्पर, पाऊस कमी, अशा ठिकाणी तो टिकूही शकतो, पण विटेचा नमुना तपासून घेतल्याशिवाय हो म्हणू नका. ‘जितका जाड तितका चांगला’ म्हणणाऱ्याला तुळयांबद्दल विचारा, उत्तर आलं नाही तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

प्रश्न: इन्सुलेशनवर प्लास्टिकचा कागद लावायचा की नाही? एकजण म्हणतो आतून, एकजण म्हणतो बाहेरून, एकजण म्हणतो दोन्हीकडून.

उत्तर: दोन्हीकडून कधीच नाही, दोन प्लास्टिकच्या मध्ये अडकलेलं पाणी कुठेच जात नाही. थंड प्रदेशात वाफ अडवणारा थर लावायचाच असेल तर उबदार बाजूला, म्हणजे आतून. पण गंमत अशी की वाफ भिंतीतून झिरपून जितकी जाते त्याच्या कितीतरी पट जास्त हवेबरोबर फटींतून जाते, त्यामुळे कागद लावून स्विचबोर्डांची भोकं उघडी ठेवली तर उपयोग फार थोडा. उन्हाळा दमट असेल तर दमटपणानुसार वाफेला कमीजास्त वाट देणारे खास कागद मिळतात, ते साध्या प्लास्टिकपेक्षा जुन्या भिंतींना जास्त मानवतात. आणि बाहेरून भोकं पाडून भरलेल्या भिंतीत कागद घालताच येत नाही, तिथे फटी बुजवणं आणि आतून वाफ अडवणारा रंग एवढं बहुतेक वेळा पुरतं.

प्रश्न: मागच्या वर्षी भिंती भरून घेतल्या, घर छान उबदार झालं, पण आता खिडक्यांना घाम येतो आणि बेडरूमच्या कोपऱ्यात कपाटामागे काळी बुरशी आलीय. लहान बाळ आहे घरात. आम्ही चूक केली का?

उत्तर: चूक नाही केलीत, काम अर्धं राहिलंय. पूर्वी घरातली वाफ फटींतून आपोआप निघून जायची, आता घर घट्ट झालंय तर ती आपल्याला बाहेर काढावी लागते. आंघोळीच्या आणि स्वयंपाकाच्या जागी पंखा हवा, आणि तो थेट घराबाहेर सोडलेला हवा, माळ्यावर नको. छोटा दमटपणा मोजायचा मीटर आणा आणि कडक थंडीत आकडा ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. कपाट भिंतीपासून हातभर नाही पण चारपाच बोटं पुढे ओढा. बुरशी छोट्या भागातच असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा, बाळाला तेव्हा दुसऱ्या खोलीत ठेवा. तरी परत परत आली तर त्या कोपऱ्यात भरायचं राहिलंय असं धरून थर्मल कॅमेऱ्याने बघून घ्या.

आणि एक गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते. घरात गॅसवर, तेलावर किंवा लाकडावर चालणारी शेगडी, बॉयलर काहीही असेल तर घट्ट घरात पंखे चालू असताना धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड हा जीवघेणा वायू असतो आणि त्याला वास नसतो. त्याचा अलार्म आजच लावा आणि बॉयलरची तपासणी करून घ्या, बाकी सगळं उद्या केलं तरी चालेल.

प्रश्न: माळ्यावर आणि भिंतीत चमकदार सोनेरी करडे खडे सापडले, झाडांच्या कुंडीत घालतात तसे. उपसून नवीन भरू का?

उत्तर: हात लावू नका, झाडू मारू नका, व्हॅक्युम तर नकोच. ते व्हर्मिक्युलाइट असणार, पूर्वी इन्सुलेशन म्हणून भरायचे ते खनिज. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात लिबी इथल्या खाणीतून निघालेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉस (श्वासातून फुप्फुसात गेलं तर कॅन्सर करू शकणारं तंतूंचं खनिज) मिसळलेलं होतं, ती खाण १९९० मध्ये बंद झाली पण माल अजून असंख्य घरांत पडून आहे. दिसलं की ॲस्बेस्टॉस आहे असंच धरायचं आणि परवाना असलेल्या माणसांना बोलवायचं. भिंतीला भोकं पाडायची असतील तर तेही याच्यानंतर. जुन्या रंगातल्या शिशाचंही तसंच, घासण्याआधी तपासून घ्या.

प्रश्न: बाहेरच्या फळ्या तशाही बदलायच्या आहेत. मग इन्सुलेशन बाहेरूनच लावलं तर?

उत्तर: मग नशीबवान आहात, माझ्या मते याहून चांगली संधी नाही. बाहेरून लावलं की घराचं लाकूड सगळं उबदार बाजूला येतं, खांबांमधून जाणारी थंडी तुटते आणि आतलं काही हलवावं लागत नाही. दगडी लोकरीचे (दगड वितळवून काढलेल्या तंतूंचे) बोर्ड घ्या, त्यातून वाफ जाते आणि ते जळत नाहीत. पण थर फार पातळ नको, आतल्या पोकळीत भरपूर भरून बाहेर जेमतेम लावलं तर जुन्या फळ्या गारच राहतात आणि त्यांच्यावर दव धरतं, हे प्रमाण तुमच्या हवामानाप्रमाणे काढून घ्या. बोर्ड आणि नवीन फळ्यांच्या मध्ये उभ्या पट्ट्या मारून दोनेक सेंटीमीटर जागा सोडा, पाणी खाली निघून जाईल. आणि काम ठरवण्याआधी छपराच्या कडा मोजा, भिंत जाड झाल्यावर पागोळ्या तिच्यावर पडणार असतील तर छप्पर आधी पुढे वाढवून घ्यावं लागेल.