विषाणू यकृतात, पण इजा कोणाकडून?

प्रश्न : हिपॅटायटिस ‘बी’च्या काही रुग्णांच्या रक्तात विषाणू भरपूर असूनही यकृताच्या चाचण्या जवळजवळ सामान्य येतात, काहींची कावीळ मात्र विषाणू कमी होऊ लागल्यावरच वाढते, असे वाचनात आले. मग यकृत खराब कोण करते? या संदर्भात वापरला जाणारा ‘पेशींमधील संदेशवहन’ हा शब्द काय सांगतो?

उत्तर : आपण नोंदवलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हा विषाणू यकृतपेशीत शिरून स्वतःच्या प्रती तयार करतो, पण त्यामुळे ती पेशी सहसा मरत नाही. तिला मारण्याचा निर्णय बहुतेक वेळा आपल्याच प्रतिकारयंत्रणेचा असतो. जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग झालेल्या बालकांची प्रतिकारयंत्रणा वर्षानुवर्षे या विषाणूकडे फारसे लक्ष देत नाही. त्यामुळे त्यांच्यात विषाणू उदंड आणि इजा थोडी असे दिसते, आणि उपाय न केल्यास अशा सुमारे ९० टक्के बालकांत संसर्ग टिकून राहतो. निरोगी प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते, कारण त्यांची यंत्रणा जोरात प्रतिकार करते. कावीळ होते ती याच प्रतिकारातून.

संदेशवहन म्हणजे पेशींचे आपापसातील बोलणे. एका पेशीने सोडलेले किंवा पृष्ठभागावर धरलेले प्रथिन दुसऱ्या पेशीवरील ग्राहीला, म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, चिकटले, की आतील प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि निरोप पुढे जातो. मारक टी पेशीला (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीला) यकृतपेशीवर विषाणूचे तुकडे दिसले, की ती ‘फास’ नावाच्या ग्राहीमार्फत मृत्यूचा निरोप देते. त्यातून कॅस्पेज नावाची विकरे सक्रिय होतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचे आवरण सच्छिद्र होते आणि पेशी स्वतःच मोडू लागते. ‘टीएनएफ’ या प्रथिनाचा निरोप याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तो पेशीच्या आत दोन वाटांनी जाऊ शकतो : एक वाट ‘एनएफ-कप्पाबी’ या प्रथिनामार्फत पेशीला तगवते, दुसरी कॅस्पेजकडे, म्हणजे मरणाकडे नेते. पहिली वाट अडली तर दुसरी मोकळी होते. शिवाय या गडबडीत सुटलेली केमोकाइन नावाची प्रथिने रक्तातील इतर दाहक पेशींनाही यकृतात बोलावतात. त्यांना विषाणूची ओळखही नसते, तरी इजा वाढवण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. टी पेशींनी सोडलेले गॅमा इंटरफेरॉन (विषाणूविरोधी निरोप देणारे प्रथिन) आणि टीएनएफ यकृतपेशीला न मारताही तिच्यातील विषाणूची वाढ थोपवू शकतात. म्हणजे ज्या निरोपांनी इजा होते, त्यांतल्याच काहींनी यकृत स्वच्छही होते. म्हणून प्रतिकारशक्ती सरसकट दाबणे हा उपाय ठरत नाही. तसे केल्यास विषाणू बेसुमार वाढतो आणि पुढे प्रतिकारशक्ती सावरताच यकृतावर जीवघेणा आघात होऊ शकतो. कर्करोगाची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस ‘बी’ची तपासणी करतात ती यासाठीच, आणि ती कधीही टाळू नये.

हिपॅटायटिस ‘सी’चा विषाणू वेगळी युक्ती करतो. पेशीतील धोक्याची सूचना पुढे नेणारे ‘एमएव्हीएस’ हे प्रथिनच तो कापून टाकतो, त्यामुळे इंटरफेरॉनचा इशारा दबतो आणि संसर्ग लांबतो.

दाह वर्षानुवर्षे चालू राहिला, तर ‘टीजीएफ-बीटा’ या प्रथिनाच्या निरोपावरून यकृतातील एरवी ‘अ’ जीवनसत्त्व साठवणाऱ्या ताराकृती पेशी आपले रूप बदलून कोलॅजन हे तंतुमय प्रथिन तयार करू लागतात. त्याचे तंतू साचत गेले की शेवटी सिऱ्होसिस होतो, म्हणजे यकृत कडक होऊन त्याचे काम बिघडते. विषाणूरोधक औषधे हे निरोप थेट थांबवत नाहीत, ती विषाणूची वाढ रोखतात. पण दाहाचे कारण ओसरले की निरोपही मंदावतात आणि साचलेले तंतू अनेक रुग्णांत काही अंशी विरघळतानाही दिसतात.